खालून सातवा थर

मी आकड्यांवर जगणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते. तरीही हे लिहितेय... हसायचं तर खुशाल हसा.

मी विमानाच्या इंजिनातल्या पंख्याच्या पात्यांचं स्ट्रक्चरल अॅनालिसिस करते. ही पाती कार्बन फायबरचे पातळ थर एकावर एक चिकटवून बनतात. प्रत्येक थरातले धागे ठरलेल्या दिशेनेच जायला हवेत. एखादा उलटा गेला तर पातं फिरताना पिळवटतं, फुटूही शकतं. आणि हे सगळं मी करते पिंपळगाव राजात, घरी बसून! आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून ऑफिसकडून परवानगी आणली. अट एकच — इथून केलेलं पहिलं पातं बिनचूक हवं. नाहीतर मी परत पुण्याला आणि बाबा पुन्हा एकटे.

बाबा दोरीच्या बाजा विणतात. त्या दिवशी सकाळच्या एसटीने ते जळगाव जामोदला आत्याची बाज विणायला गेले होते. घरात मी एकटीच, दाराला आतून कडी. दुपारी तीनपर्यंत थरांचा तक्ता पाठवायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यावरून थर कापले जाणार होते. मी खुशीत ‘सेंड’ दाबणार, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज —

“माय, एक दोरी उलटी गेली ना वं.”

“कोनती, बाबा?” मी मान न वळवता विचारलं. सवयच ती.

“खालून सातवी.”

मी मोजलं. सातव्या थराला मायनस पंचेचाळीस अंश हवे होते, मी प्लस टाकले होते! स्क्रीनवर पात्याचं टोक जरासं पिळलेलं मला सकाळीच दिसलं होतं, पण आकडे मर्यादेत होते म्हणून सोडून दिलं. मोठी शहाणी ना मी! मग मागे वळले... कोणी नाही. कडी तशीच.

चांगलीच टरकले. आत्याला फोन लावला.

“हाव, इथंच हाय ना तुहा बाप! सातवी दोरी उलटी गेली म्हने, उसवून राह्यला.”

फोनमध्ये तिच्या मागून बाबांचा वैतागलेला आवाज आला, “चाळीस वर्सात कधी गेली नाही, आजच काऊन गेली?”

तक्ता सुधारून पाठवला. पुढे पातं चाचणीत पास झालं, माझी परवानगी कायम झाली. ऐनवेळी एक थर सुधारल्याचं मी साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, चूक कोणी पकडली? म्हटलं, बाबांनी. ते हसले.

तक्ता पाठवला त्याच संध्याकाळी बाबा हिरमुसले होऊन परतले. हात म्हातारे झाले म्हणाले, जेवणावर मन नव्हतं. मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. हे कसं झालं याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि बाबांनी तर ते विचारलंच नाही. त्यांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

“म्हंजे माहा हात नाही चुकला?”

“नाही, बाबा. मी चुकले.”

“मंग वाढ एक भाकर,” म्हणाले.