लाल ठिपक्याची वाटी

चंद्रिकाचं ताट त्या घरात कुणाला विचारून ओळखावं लागत नव्हतं. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला आणि त्याच संध्याकाळी सासूने, पार्वतम्माने, नेलपॉलिशची बाटली काढून तिचं ताट, वाटी, पेला, तिन्हींच्या काठाला लाल ठिपका दिला. भांडी वेगळी, फळी वेगळी, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी.

नवरा शिवू टॉवेलच्या गाठी टेम्पोतून हैदराबादला न्यायचा. आठवड्याने त्याचीही तपासणी झाली, तोही पॉझिटिव्ह निघाला. लग्नाला दोन वर्षं पुरती झाली नव्हती आणि त्याआधी चंद्रिका माहेरच्या गावाच्या, मैंदर्गीच्या, बाहेर कुठे राहिलेली नव्हती. कुठून काय आलं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण शिवूच्या ताटाला ठिपका लागला नाही.

"माझ्या पोराला हिनंच बादवलं," पार्वतम्मा गल्लीभर सांगायची.

शिवू खाली मान घालून भाकरी मोडायचा. शेजारणी त्याला गरीब स्वभावाचा म्हणत. भेकड होता मेला, दुसरं काही नाही.

सरकारी दवाखान्यातून दोघांनाही सारखीच गोळी मिळाली. रोज एक, जन्मभर. शिवू रात्री गरम भाकरी खाऊन घ्यायचा आणि घोरायचा. चंद्रिकाचं मात्र डोकं जड व्हायचं, पोटात ढवळायचं, आणि झोप तर पार उडाली. कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवताना सुई बोटात जायला लागली. दवाखान्यातल्या समुपदेशक निवेदिता मॅडम म्हणाल्या, "झोप उडतेय ना, मग सकाळी घेत जा." सकाळी आणखी काय काय घेतेस, हे विचारायचं मात्र त्यांच्याकडून राहिलं.

सकाळ पार्वतम्माच्या ताब्यात होती. गोळ्यांची बाटली तिने आपल्या कपाटात कुलपात ठेवलेली, किल्ली कमरेला. आशाताईंनी गरोदरपणासाठी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिथेच. बरोबर सातला ती तिन्ही गोळ्या वरून, बोट लागू न देता, सुनेच्या हातावर टाकायची.

"एकदम गिळ. दिवसातनं दोनदा तुजं तोंड बघायला मला येळ न्हाय."

नंतर लिंगपूजा व्हायची, आणि ती होईपर्यंत चंद्रिकाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची बंदी. चहा-भाकरी मिळायला साडेनऊ वाजत. ओकारी आली की ती तोंडावर पदर दाबून भिंतीला टेकायची, पण गोळी बाहेर येऊ द्यायची नाही. ही गोळी नीट घेतली तर बाळाला आजार लागायचा नाही, एवढं एकच तिने मनात पक्कं धरलं होतं. एका गोष्टीचं तिला बरंही वाटायचं. सासूचं वैर असलं तरी सातची वेळ चुकत नव्हती.

आठव्या महिन्यात रक्तातले विषाणू मोजले. पाच हजारांच्या वर निघाले.

डॉक्टर भडकले. "नवऱ्याच्या रक्तात काही सापडत नाही आणि तुझ्यात पाच हजार? गोळ्या कुठे फेकतेस? बाळाला द्यायचाय का हा आजार?" त्यांनी मोजायला आणवलेली बाटली टेबलावर उपडी केली. उरायला हव्या होत्या तितक्याच गोळ्या उरल्या होत्या. "मग गटारात टाकत असशील," ते म्हणाले.

चंद्रिका तिथेच पेटली. "ओकारी दाबून गिळल्यात मी! मला खोटं पाडू नका!" बाहेरच्या बाकावरचे लोक उठून बघायला लागले.

निवेदिता मॅडमनी तिला आत नेलं. "कशी घेतेस, मला सगळं सांग." चंद्रिकाने सात वाजल्यापासून साडेनऊपर्यंतचं सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"उपाशीपोटी? तिन्ही एकदम? अगं, रिकाम्या पोटी लोह आणि कॅल्शियम ह्या औषधाला धरून ठेवतात. ते रक्तात उतरतच नाही पुरतं. खाऊन घ्यायची, नाहीतर दोन तास आधी ही आणि मग त्या." मग हळूच म्हणाल्या, "चुकलं माझंही. विचारायला हवं होतं."

"बाळाला लागलं आसंल का?"

"अजून वेळ आहे. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. आजपासून मात्र चुकायचं नाही."

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही, तशीच सासूसमोर गेली. "अत्ती, किल्ली द्या."

"का गं? एक दिस तरी चुकवलं का मी?"

"उपाशी गिळायला लावलं. समद्या एकदम. औषध रक्तात गेलंच न्हाय. माज्या पोराच्या जिवावर उठला तुमी."

"मग पूजेच्या आदी तुला खायला घालू? ह्या घरात?"

चंद्रिकाने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आठ महिन्यांचं पोट सावरत कपाटासमोर उभी राहिली. "किल्ली न्हाय तर कुलूप फोडते."

"अव्वा, दे की," शिवू म्हणाला. पाच महिन्यांत तो एवढंच बोलला. पार्वतम्माने किल्ली जमिनीवर भिरकावली.

दुसऱ्या दिवसापासून आत पूजेची घंटा वाजायची तेव्हा चंद्रिका बाहेरच्या दारात रात्रीची राखून ठेवलेली भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलेली असायची. भाकरी संपली की ती गोळी. लोह-कॅल्शियम दुपारी, जेवणावर. पार्वतम्मा तिला ऐकू जाईल असं कन्नडमध्ये शिव्या घालायची आणि चंद्रिका तिला दिसेल असं सावकाश चावून खायची. चार आठवडे ती सासूशी एक शब्द बोलली नाही.

पुन्हा तपासलं तेव्हा रक्तात विषाणू सापडले नाहीत. मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून तिला औषधाचं सरबत सुरू झालं, तेही चंद्रिकाच मोजून पाजायची. दीड महिन्याने मुलीच्या टाचेतून रक्त घेतलं. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत चंद्रिकाला भाकरी गोड लागली नाही. रिपोर्ट चांगला आला. पुढेही तपासण्या होत्या, पण आजार लागलेला नव्हता.

तोवर नातीला हात न लावलेली पार्वतम्मा त्या संध्याकाळी चांदीच्या वाटीत गुटी उगाळून घेऊन आली.

"आण हिकडं. तुजी बादा लागली न्हाय हिला. आता ही आमची हाय."

"सा म्हैने माझ्या दुदाबिगर काय द्यायचं न्हाय. वरचं पोटात गेलं की धोका वाढतो, मॅडमनी सांगितलंय."

"आमच्या घरातली चार पोरं हिच्यावर वाढली. बोटभर चाटवते." ती वाकलीच.

चंद्रिकाने तिच्या हातातून वाटी घेतली, काठाला ओठ लावले आणि ती कडू गुटी एका घोटात पिऊन टाकली. पार्वतम्मा हात तसेच पुढे धरून बघत राहिली.

चंद्रिका उठली. फळीवरची नेलपॉलिशची बाटली काढली, झाकण घट्ट बसलं होतं, ते दाताने उघडलं, आणि चांदीच्या वाटीच्या काठाला लाल ठिपका दिला. तो वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वाटी आपल्या ताटाशेजारी ठेवली आणि मुलीला पाजायला घेतलं.