ढोंगाला इंग्रजीत काय म्हणतात

इंग्रजीत ढोंगी माणसाला किती नावं आहेत, हे पांढुर्ण्यात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान माझी तशी ठाम समजूत होती. तिशी जवळ आलेली, दोन लेकरं, नवरा तहसील कचेरीत, आणि मी बाहेरून बी.ए.ला बसलेली. थाट काय विचारता! पोळी करपली तरी तोंडात शब्द चालू.

अभ्यासाला सोबत होती ती चार घरं सोडून राहणाऱ्या कापडवाल्यांची सून. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच तिचा नवरा काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. दुपारचं तिला माझ्याकडे यायची परवानगी होती, कारण मी चांगल्या घरची म्हणून सासऱ्यांचा माझ्यावर भरवसा. त्या बिचाऱ्यांना मी काय शब्द पाठ करते ते माहीत नव्हतं.

गाव हिंदी मुलखातलं, म्हणून आमचं गाइडही हिंदीतलं. इंग्रजीचं हिंदी छापलेलं, हिंदीचं मराठी आम्ही करायचं. हिपोक्रिट म्हणजे लोकांना एक शिकवून स्वतः दुसरंच वागणारा. लिप सर्व्हिस म्हणजे नुसतं तोंडानं हो हो. सँक्टिमोनिअस म्हणजे आपल्या सोवळेपणाची दवंडी पिटणारा. मला पाठ करायची युक्ती सापडली होती, प्रत्येक शब्दाला ओळखीचं एक माणूस लावायचं. मोहगावच्या मामेसासूंना एक शब्द दिला, नवऱ्याच्या हेडक्लार्कला दोन. आणि सर्वांत जास्त शब्द गेले माझ्या सासूबाईंना. त्या बाहेर ओसरीवर वाती वळत बसायच्या, आणि मी आत हलक्या आवाजात त्यांचं इंग्रजी करायची. मोठी शूर.

कापडवाल्यांची सून हसायची, पण तिचं डोकं माझ्यापेक्षा चालायचं. एकदा म्हणाली, "वहिनी, ज्याले स्वतःलेच माहीत नाही का आपण ढोंग करून राहिलो, त्याले कोणता शब्द?" मी म्हटलं, परीक्षेला येत नाही ते.

त्या हिवाळ्यात तिच्या घरी तिचं पुढे काय, याचा निकाल लागायचा होता. तिचा भाऊ रामाकोना गावचा, संत्र्याच्या बगिच्यावर राहणारा. तो तिला कायमची घेऊन जायला तयार होता. तिला मात्र इथंच राहून परीक्षा द्यायची होती, पुढे कुठे शाळेत लागायचं होतं. सासरे वाईट नव्हते. ते म्हणाले, "रथसप्तमीपावतर पाहू. गावातल्या चार बाया तुले आपल्यात बसवत असतील तं राह्य. नाही तं इथं घरात कोंडून काय करशील?" म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावतं का, एवढ्यावर तिचं सगळं ठरणार होतं.

मला तर स्फुरणच चढलं. महिला मंडळात उभी राहून भाषण ठोकलं. विधवेला दारातून परत पाठवणाऱ्या आणि वर देवधर्माच्या गप्पा करणाऱ्या बायांना काय म्हणतात, ते इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत, मग मराठीत. टाळ्या पडल्या. त्याच टाळ्यांच्या भरात तिच्या घरी गेले आणि सासऱ्यांच्या देखत बोलावणं केलं. म्हटलं, माझ्याकडे सगळ्यांत पहिली तू.

ती पहिली आली नाही. बाया जमल्यावर आली, अंगावर फिकट निळं पातळ, केस नीट बांधलेले. बैठकीत बारा-पंधरा जणी, मधोमध तहसीलदारीणबाई. माझ्या घरी त्यांचं येणं पहिल्यांदाच. माझ्या हातात करंडा होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच तहसीलदारीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नव्हत्या. कोणीच काही बोललं नव्हतं. कोणी बोलायच्या आत मीच उठले आणि गोड आवाजात म्हटलं, "बरं झालं आलीस माय. आत लाडू राहिले पुड्यांत भरायचे, तेवढे भरून दे नं. माझी घाई होऊन राहिली."

लाडवांच्या पुड्या सकाळीच भरून झाल्या होत्या.

ती आत गेली. बाहेर उखाणे झाले, प्लास्टिकच्या गाळण्या वाटून झाल्या, तहसीलदारीणबाईंनी चिवड्याची तारीफ केली. आत गेले तेव्हा ती भरलेल्या पुड्या सोडून पुन्हा बांधत होती. समोर सासूबाई पाटावर बसलेल्या. त्यांनी तिच्या ओटीत गाळणी आणि बोरं घातली होती. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "बाहेर बसवली असती तं कोण काय म्हणणार होतं? भाषण तं तूनंच केलं होतं." आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

दारापर्यंत मी तिच्या मागे गेले. चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "मामंजीले काय सांगू, वहिनी?"

"बोलावलं होतं म्हण."

"हो," ती म्हणाली, "बोलावलं तं होतंच."

तिनं घरी काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाचं बोलावणं तिला आलं नाही, हे मात्र माहीत आहे. बायांनी माझ्याकडे काय चाललं ते पाहिलं होतं, मंडळात बोलणारीनंच वाट घालून दिल्यावर त्या कशाला पुढे होतात? रथसप्तमीनंतर भाऊ आला आणि ती गेली. जाताना माझ्याकडे आली नाही. मीही त्या दिवशी मुद्दाम बाजारात गेले होते. भाजीसुद्धा आणली नाही.

मी पास झाले, दुसऱ्या वर्गात.

पुढच्या थंडीत सौसरला माहेरी होते, तिथून बसनं रामाकोन्याला गेले. ती भावाच्या अंगणात बायांसोबत संत्री निवडत होती, मोठी एका ढिगात, बारकी दुसऱ्यात. मी पास झाल्याचं सांगितलं तर तिला खरोखर आनंद झाला. मी तिच्या तोंडावर काही दुसरं शोधत होते, ते सापडलं नाही. मग मला राहवलं नाही. म्हटलं, इथूनच फॉर्म भर, माझी सगळी पुस्तकं पाठवते, आठ दिवसांत.

"पाठवजा," ती म्हणाली. पदराला हात पुसून तिनं भावाचा पत्ता लिहून दिला, इंग्रजीत, सुबक अक्षरात.

पुस्तकं मी पाठवली नाहीत. आधी भाच्याला हवी होती, मग खोकं मिळेना, मग इतके दिवस झाले होते की सोबत पत्रात काय लिहावं ते सुचेना. दोन वर्षांनी अभ्यासक्रमच बदलला, आणि पाठवण्यासारखं काही उरलं नाही. ते कळलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.