सॅक्सन आणि खालचा कप्पा
निलगिरी तेलाचा वास आला की मला सॅक्सन आठवतात. नव्वदच्या दशकात, आजी गेल्यावर, आजोबा पुण्याहून आमच्या सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये आले, थेट माझ्या खोलीत. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांच्या कपड्यांना गेला आणि माझ्या वह्यांना निलगिरीचा वास लागला. मी दहा वर्षांची, वर्गात हुशार, म्हणजे घरात असह्य. एकदा जेवताना मी शाळेतला धडा सांगितला: रोमन लोक ब्रिटन सोडून गेले, मग तिथल्या राजांनी रक्षणासाठी सॅक्सनांना बोलावलं, राहायला जागा दिली, आणि त्यांनी भाऊबंद आणून मुलूखच बळकावला. आजोबांनी कौतुकानं विचारलं, "मग पाहुणे परत गेलेच नाहीत?" "नाही लाह, आजोबा. तुमच्यासारखेच," मी शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढंगात म्हटलं. बाबा हसले, आणि आईकडे बघून थांबले. सकाळी खालचा कप्पा रिकामा होता. बाबा त्या दिवशी आजोबांचा सिंगापुरात राहण्याचा पास वाढवून घ्यायला निघाले होते. "नको रे," आजोबा म्हणाले, "पोरीला अभ्यासाला जागा हवी." दोन महिन्यांनी ते पुण्याच्या घरी एकटे असताना गेले, शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. ब्रिटनच्या राजांना जे जमलं नाही, ते मी एका वाक्यात करून दाखवलं होतं. आता सिंगापुरातच, पुंगोलच्या माझ्या फ्लॅटमध्ये कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा ठेवते. लेक विचारते, कुणासाठी? मी सांगते, पाहुण्यांसाठी.