वांग्याचं मूळ

खुटबावहून मला मुंबईला नेणारी जीप सुरू होऊन उभी होती आणि आप्पा, माझे वडील, अजून वांग्याच्या रानात होते. आले ते एक उपटलेलं रोप घेऊन. मुळांवर गाठीच गाठी.

"हे तिथल्या मशिनीत घाल. सूत्रकृमी हाय म्हणत्यात. तू जंतावरच शिकाया चाललीस नव्हं?"

आई म्हणाली, "लोक लेकीला लाडू देत्यात, आन् तुम्ही कीड देताय!"

माती लागलेलं मूळ परदेशात नेता येत नाही. विमानतळावर मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. जर्मनीतून फोनवर सांगितलं, "तपासायला दिलंय."

याला चौदा वर्षं झाली. माझ्या लॅबमधले जंत मिलिमीटरभर लांब, पिकाला न छळणारे. त्यांची पेशी दुभंगताना डीएनएचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. एक एन्झाइम एक धागा कापतं, त्या फटीतून दुसरा काढतं आणि कापलेला पुन्हा जोडतं. ते बंद पाडलं की ओढाताणीत धागे तुटतात, जीव अंड्यातच मरतो. अशी न फुटलेली अंडी मी मोजते. दोनशेच्या जागी एकशे नव्याण्णव लिहिलेलं मला चालत नाही.

आप्पांना मात्र मी दर रविवारी फोनवर सांगायचे, "रिपोर्ट यायचाय." शेजारचे मामा त्यांना म्हणत होते, वांग्याच्या बारा गुंठ्यांत झेंडू लावा, कीड कमी होते. आप्पांचं एकच, "पोरगी सांगंल, मग लावीन." झेंडूचं खरं का खोटं, हे शोधायला मला तासभर पुरला असता. तो मी काढला नाही. तीन वर्षं वांगी गेली. मग रान पडीक पडलं.

गेल्या वर्षी गावी गेले, तेव्हा आप्पांनी डब्यातून वाळलेलं दुसरं मूळ काढलं. "पहिलं हरवलं असंल तर." तेव्हा मी खरं सांगितलं.

आप्पा म्हणाले, "तवाच सांगायचं व्हतंस. झेंडू लावला असता." आणि मूळ चुलीत घातलं.

रविवारचा फोन अजून होतो. पूर्वी वीस मिनिटं चालायचा, त्यातली पंधरा मुळाची असायची. आता आप्पा विचारतात, "जेवलीस का?" मी व्हय म्हणते. पाच मिनिटांत संपतो. माझं गाव आता तेवढंच आहे.