सरांनी हिरवी केलेली पानं

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यामागे एक खोली होती, तिला आमचे सर 'जेनेटिक इंजिनिअरिंग विभाग' म्हणायचे. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. उल्हासनगर कॅम्प पाचमधून मी तिथे प्रोबेशनवर जायचे. वडिलांची कंपनी बंद पडलेली, त्यामुळे मी कायम होते की नाही याकडे अख्खं घर डोळे लावून बसलं होतं. सर परदेशात दोन वर्षं काय राहून आले, 'आमच्या लॅबमध्ये' म्हणाले की ती तिकडचीच समजायची. इकडच्या लॅबमध्ये बाटल्या कोण धुतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

काम तसं सोपं. एका जिवाणूच्या पोटात डीएनएचं छोटं कडं असतं. त्यात अळी मारणारा जीन जोडायचा, सोबत कॅनामायसिन हे औषध पचवणारा दुसरा. तंबाखूच्या पानांचे तुकडे त्या जिवाणूत बुडवून औषध घातलेल्या जेलीवर ठेवायचे. जीन शिरला तर पान हिरवं राहतं, नाही शिरला तर पांढरं पडून मरतं.

आमची सगळी पांढरी पडत. त्यात खंडेनवमी जवळ येत चालली. त्या दिवशी शेठ कारखान्यातल्या प्रत्येक मशीनची पूजा करत आणि आमच्याकडेही येत. पूजेला मेलेली पानं कशी दाखवायची, म्हणून सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी औषध निम्मं केलं. मग त्याच्याही निम्मं. तेवढ्याशा औषधात पानं मजेत हिरवी राहिली.

"बघितलंस? जीन गेला!" सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, जिवाणूत न बुडवलेली साधी पानंही याच जेलीवर ठेवून बघू या ना."

"जेली वाया घालवू नकोस."

मी गुपचूप एक बशी ठेवलीच. पंधरवड्यात साध्या पानांनाही कोंब फुटले. सरळ होतं, औषधात दमच नव्हता. बशी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"तूच चिमटा बदलला नसशील. जिवाणू लागलाय हिला," म्हणाले आणि बशी कचऱ्यात टाकली. मनापासून. असल्या माणसाला डॉक्टरेट देणाऱ्यांची मला कीव आली.

खंडेनवमीला, बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हला झेंडूची माळ चढली, जंतू येऊ नयेत म्हणून बांधलेल्या काचेच्या कपाटावर हळदकुंकू पडलं. आमच्या घरातून ते छप्पन सालीच, आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा गेलेलं. मी मागे उभी राहून मनातल्या मनात हसत होते. शेठनी बशी उजेडात धरली. आयुष्य रंगात गेलेला माणूस, नुसत्या रंगाला भुलणारा नव्हता. सरांना ओलांडून ते माझ्याकडे वळले.

"कलर एकदम मस्त आला. पण ताई, यात रोज हात तुमचा असतो. सच बोला, जीन आत गेला का?"

सर पेढा खात होते. मी म्हटलं, "हो शेठ. गेला."

आठवड्यात मी कायम झाले. सरांना मी आजही मूर्ख म्हणते, पण त्यांना निदान ते खरं वाटत होतं. त्या दिवशी त्या खोलीत खोटं बोललेली मी एकटीच होते.