नुसत्या तर्जनीनं

लेकीचा फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नच्या घरी कढीला फोडणी देत होते. "आई, माझा थम्ब गेला," ती म्हणाली. सरावाच्या अतिरेकानं उजवा अंगठा सुजला होता. डॉक्टरांनी त्याला पट्टा बांधून पूर्ण विश्रांती सांगितली होती, आणि महिन्याभरात तिचं पदवीचं वादन होतं. ते कॅन्सल केलं तर डिग्री वर्षभर लांबणार.

ती स्टेट कॉलेजला विहुएला शिकते. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये वाजायचं ते वाद्य. दिसायला लहानशी गिटार, पण तारा जोडीजोडीनं बांधलेल्या आणि आतड्याच्या. मी पक्की शाकाहारी. सुट्टीत ती आली की ते देवघरापासून लांब ठेव म्हणते, आणि ती मुद्दाम जवळ ठेवते. जलद सुरावटी त्यावर अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून वाजवतात. अंगठाच बाद झाल्यावर वाजवणार काय कप्पाळ?

"अजून एक मेथड आहे," ती म्हणाली. "देदिल्यो. नुसती तर्जनी, आत-बाहेर, आत-बाहेर. त्या काळी लोक वाजवायचे तसं. पण माझ्या टीचरला ते येत नाही."

मी गॅस बंद केला. तर्जनी आत-बाहेर म्हणजे सतारीचे दा आणि रा. लग्नाच्या आधीपासून मी दुसरं काय करतेय? लेकीलाही लहानपणी सतारीपुढे बसवलं होतं. बोट दुखतं म्हणून तिनं ती सोडली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी डबे भरून गाडी काढली. गेल्या गेल्या घोळ घातला. तिच्या बोटात माझी सतारीची नखी चढवली. नखी तारेची, समोर आतडं. चार आघातांत वरची जोडी सोलवटली. "आई, यार," म्हणत तिनं नखी काढून माझ्या हातात दिली. मग उघड्या बोटानं सुरुवात केली. सतारीत अंगठा भोपळ्यावर रोवतात, तो हिचा पट्ट्यात. म्हणून करंगळी वाद्याच्या पोटावर टेकवून हात स्थिर केला. तर्जनी मोकळी चालायला लागली.

खरं भांडण पुढेच झालं. आत येणारा आघात जड पडायचा, बाहेर जाताना नखाच्या पाठीनं तार छेडली की बारीक. सतारीत ही खोड आधी मोडून काढतात. मी म्हणत राहिले, "रा कच्चा आहे, पुन्हा." तिच्या रूममेटनं कानाला हेडफोन लावले.

शेवटी लेक थांबली. "आई, इट्स सपोज्ड टू बी अनइव्हन. जड, हलका, जड, हलका. हे म्युझिक त्यावरच चालतं."

"ही पळवाट आहे."

"मग असू दे पळवाट."

मी डबे फ्रिजमध्ये लावले आणि तोंड मिटून बसले. मला ते जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

वादनाच्या दिवशी मी मागच्या रांगेत जाऊन बसले. छोटा हॉल, पुढे परीक्षक. जलद जागा आली आणि तिचं बोट सुटलं. माझंही बोट पर्सच्या पट्ट्यावर आपोआप हलायला लागलं, पण तिच्याशी जुळेना. माझे दा आणि रा सारखे पडत होते, तिचे नाही. तिचे मात्र नाचत होते. एका ठिकाणी ती घसरली, सावरली, पुढे गेली. ती पास झाली.

नंतर तिच्या टीचरनं विचारलं, हे बोट कुठून शिकलीस? लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "फ्रॉम माय मदर. शी स्टिल थिंक्स आय अ‍ॅम डूइंग इट राँग."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन डोळे पुसले. परत निघताना गाडीची काच खाली करून लेकीला म्हटलं, "घरी आलीस की तो हलका रा मला शिकव."