भाजणी आणि कोरडी वाइन

सासरे गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे हॅम्बर्गला आल्या. दोन हजार सहा साल असावं. साताऱ्याला दिवसभर घर डोक्यावर घेणारी ही बाई इथे खिडकीशी गप्प बसून पाऊस बघायची. विचारलं तेवढंच उत्तर. जेवण तर चिमणीएवढं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. दरवर्षी जुनी गाडी घेऊन फ्रान्सच्या दक्षिणेला जायच्या आणि येताना तिथल्या पांढऱ्या वाइनची खोकी आणायच्या. त्या वर्षी परतल्यावर त्यांनी आम्हा तिघांना आपल्या बाल्कनीत बोलावलं. सासूबाईंसाठी आठवणीने सफरचंदाचा रस आणला होता. पण सासूबाईंची नजर बाटलीवर.

"द्राक्षांचीच ना गं ही?" त्यांनी मला विचारलं.

"हो आई, पण दारूच आहे ती."

"कळतंय मला. घोटभर द्यायला सांग."

"अगं आई!" नवरा खुर्चीतून उठलाच.

"तू बस खाली."

त्यांनी घोट घेतला, डोळे गच्च मिटले. "साखर घालायला विसरल्या वाटतं या!"

मी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर शेजारीणबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, अशा वाइनला कोरडीच म्हणतात, गोडवा मुद्दाम ठेवत नाहीत. शिवाय ही एका द्राक्षाची नाही. एका जातीचा आंबटपणा, दुसरीचा वास, तिसरीचा भरीवपणा, सगळं प्रमाणात मिसळावं लागतं.

"म्हणजे भाजणीच की!" सासूबाई सरसावून बसल्या. तांदूळ जास्त झाला तर चकली कशी कडक होते, डाळी वेगवेगळ्या का भाजायच्या, धणे-जिरे कधी घालायचे, सगळं सांगत सुटल्या. मी भाषांतर करून दमले. शेजारीणबाई प्रत्येक वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", करत होत्या. कित्येक महिन्यांत सासूबाई इतकं बोलल्या नव्हत्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप त्यांचा पेला थोडा भरला.

पुढच्या शनिवारी त्यांनी चकल्या केल्या आणि ताटली घेऊन एकट्याच खाली गेल्या. बऱ्याच वेळाने मी बाल्कनीतून वाकून पाहिलं. दोघींच्या पेल्यांत बोटभर वाइन होती. सासूबाई मराठीतून सासऱ्यांबद्दल सांगत होत्या. कढईतली पहिली चकली ते उभ्या उभ्याच खायचे, बोट भाजलं तरी थांबायचे नाहीत. सांगता सांगता रडू लागल्या. शेजारीणबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

मी आत आले. नवऱ्याला म्हटलं, "बोलावू नकोस त्यांना."

ऑगस्टअखेरचं परतीचं तिकीट होतं. एका सकाळी चहा गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या, "अजून महिनाभर राहिले तर चालेल का गं तुम्हाला?"

मी त्याच दिवशी तिकीट पुढे ढकललं.